आठव्या तोंडाची कबुली

मित्रांनो, मी एक जुना पिपेट आहे. पातळ पदार्थ मोजून उचलायचे आणि मोजून ओतायचे, हे माझे काम. त्यातही मी साधासुधा नाही; मला एका ओळीत आठ तोंडे आहेत. वर दट्ट्या मात्र एकच. तो अंगठ्याने दाबून सोडला की आठही तोंडे एकदम घोट घेतात आणि पुन्हा दाबला की एकदम ओततात.

मी कोणत्या कारखान्यात जन्मलो ते मला आठवत नाही. आठवतो तो पहिला अंगठा. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तर टोकाला, बटाट्याची शेते संपून कॅनडा सुरू होतो तिथे, बटाट्याच्या रोगांची एक लहानशी प्रयोगशाळा आहे. तिथल्या व्हर्ना प्लूर्ड नावाच्या बाईने मला खोक्यातून काढले आणि उलटसुलट करून पाहिले.

"आठ तोंडं!" ती म्हणाली. "माझ्या नणंदेला एकच आहे, तरी माझं डोकं उठतं. तुझं कसं व्हायचं रे बाबा?"

पण आमचे छान जमले. मी घोट घेतला की व्हर्ना मला डोळ्यांसमोर धरायची आणि तोंडांना लावलेल्या आठही नळ्यांत पाणी सारख्या उंचीवर आहे ना, हे बघायची. पहिल्या दिवशी बघितले तसेच बाराव्या वर्षीही. कोणी हसले तर म्हणायची, "बघायला काय भाडं पडतं?"

माझ्या पोटातून काय काय गेले म्हणून सांगू! पण मला सर्वांत नवल वाटले ते फेजचे. फेज हा जिवाणूंवर जगणारा एक विषाणू, धाग्यासारखा बारीक. माणसांनी त्याच्या टोकावर एकेक प्रथिन बसवले आहे, टोपी घालावी तसे. माझ्या एका घोटात अब्जावधी फेज मावतात, आणि टोप्या तर इतक्या तऱ्हेच्या की मोजता मोजवत नाहीत. गंमत अशी की ज्याची जी टोपी, ती विणायची कृती त्याच्याच पोटात लिहिलेली असते. म्हणून एखादी टोपी पसंत पडली, तर तो फेज पकडायचा आणि कृती वाचायची.

पसंती कशी करतात तेही ऐका. प्लास्टिकच्या थाळीत छोट्या छोट्या वाट्या असतात. ज्याला धरणारे प्रथिन शोधायचे, तो पदार्थ वाटीच्या तळाला चिकटवायचा. उरलेली जागा दुधाने झाकायची, म्हणजे फेज नुसत्या प्लास्टिकला चिकटत नाहीत. तेच वाण्याकडचे पावडरचे दूध! मग फेज ओतायचे, थोडा वेळ थांबायचे आणि धुवायचे. ज्यांची टोपी तळाला बिलगली ते राहतात, बाकीचे वाहून जातात. राहिलेल्यांना जिवाणूंच्या घरी जेवायला घालून वाढवायचे आणि पुन्हा तीच परीक्षा घ्यायची. तीन-चार फेऱ्यांनंतर उरतात ते घट्ट धरणारे. दर वेळी मला वाटायचे, या गर्दीत आज कोण टिकेल?

मग कोलेट डेग्ल आली. पंचविशीची, हुशार, आणि घाईत. तिचे आल्सिडकाका बटाट्याचे बेणे पिकवत. पणजोबांपासून राखलेली त्यांची स्वतःची जात होती, पिवळसर गराची, दुसऱ्या कोणाकडे नव्हती. त्या वर्षी तालुक्यात एक विषाणू शिरला होता. बटाटा वरून धडधाकट दिसायचा आणि पेरला की पाने सुरकुतून पीक निम्मे व्हायचे. पेरणीआधीच तो ओळखता यावा म्हणून कोलेट त्या विषाणूच्या कवचाला धरणारे प्रथिन शोधत होती.

त्याच हिवाळ्यात व्हर्नाच्या खुब्याचे ऑपरेशन झाले आणि ती घरी बसली. त्याच हिवाळ्यात माझ्या आठव्या तोंडाची रबरी कडी झिजली. आता ते तोंड अर्धाच घोट घेऊ लागले. मला कळत होते, पण सांगू कसे? आठ तोंडे असून मी मुका.

कोलेटने तीन फेऱ्या केल्या आणि उरलेले फेज एकेक करून तपासले. जिथे फेज चिकटला असेल तिथे शेवटी पिवळा रंग येतो. थाळीच्या वरच्या सात रांगांत विषाणूचे कवच होते. आठव्या रांगेत तुलनेसाठी निरोगी बटाट्याचा रस आणि काही नुसत्या दुधाच्या वाट्या होत्या. तिथे रंग यायला नको. आणि आठव्या रांगेत ओतणारा कोण? माझे ते अर्धपोटी तोंड! फेज अर्धे, रंगाचे औषध अर्धे, सगळेच अर्धे. रांग फिकट राहिली. वर मात्र एक्केचाळीस नंबरचा फेज झेंडूसारखा पिवळाधमक झाला.

कोलेट टाळ्या पिटत नाचली. तिने लगेच काकांना फोन लावला. काका म्हणाले, "मग आधी माझंच बेणं तपास. घरचं आधी, गावचं मग."

चाळीस पोत्यांचे नमुने आले. कोलेटने एक्केचाळीस नंबर लावला, आणि चाळीसच्या चाळीस पिवळे झाले. आठवी रांग पुन्हा फिकट. कोलेट स्टुलावर बसून रडली. मी तिच्या समोरच टांगलेला होतो.

तिने काकांना फोन केला. ते म्हणाले, "शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या शेतात माझ्या घरातून रोग जायला नको. उद्या दुपारी वखारीची दारं उघडतो. बाहेर उणे वीस आहे, थंडीच काय ते करील. बटाटा गोठला की संपला."

"काका, थोडं थांबा ना."

"थांबून बटाटा बरा होतो का, पोरी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हर्ना काठी टेकत आली, बकव्हीटच्या, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या धिरड्यांचा डबा घेऊन. कोलेटचे सुजलेले डोळे बघून तिने थाळी उजेडात धरली.

"चाळीसपैकी चाळीस?"

"हो."

"अगं, मी तीस वर्षं रोगी बटाटे बघतेय. एकूणएक पोतं रोगी असलेली वखार मला अजून भेटायचीय." तिने मला खुंटीवरून काढले, पाणी ओढले आणि डोळ्यांसमोर धरले. सात नळ्या भरलेल्या, आठवी अर्धी.

मला इतकी लाज वाटली की काय सांगू.

"तू हे बघितलं नव्हतंस?" व्हर्नाने विचारले.

मग तिने मला उलट्या बाजूने फिरवून कोलेटच्या हातात दिले. आता माझे पहिले, धडधाकट तोंड आठव्या रांगेवर आले. पुन्हा सगळे ओतले, थांबले, धुतले, रंग घातला. तीन तास गेले. धिरडी तशीच गार झाली.

आठवी रांग पिवळी झाली. निरोगी रसाच्या वाट्या पिवळ्या झाल्या, नुसत्या दुधाच्याही झाल्या. एक्केचाळीस नंबरला विषाणूशी काही देणेघेणे नव्हते. तो दुधातून वाट काढून थेट प्लास्टिकला चिकटत होता! सगळा हिवाळा आम्ही थाळीला चिकटणारा पैलवान पोसला होता.

"माझे चार महिने गेले," कोलेट हळूच म्हणाली.

"महिने गेले ते गेले. एक वाजलाय. काका कुठे आहेत?"

कोलेटने काकांना लावलेला फोन नुसता वाजत राहिला. तेव्हा कोलेट तशीच पळाली, प्रयोगशाळेचा कोट अंगात आणि मी त्या कोटाच्या खिशात.

मित्रांनो, मी प्रथमच बाहेर पडलो होतो. एवढे आभाळ असते हे मला ठाऊकच नव्हते. पण बघायला सवड कुठली! कोलेट गाडी अशी हाकत होती की माझी स्प्रिंग कुरकुरत होती.

वखार टेकडीच्या पोटात खणलेली होती. एक दार उघडलेले होते, आणि आल्सिडकाका दुसऱ्याच्या कडीला हात घालून उभे होते. आतून मातीचा ऊबदार वास येत होता.

"काका, दार लावा! माझं चुकलं. ती परीक्षाच खोटी होती."

काकांनी हात काढला नाही. "म्हणजे बेणं चांगलं आहे?"

इथे हो म्हणणे किती सोपे होते! कोलेटच्या ओठांवर ते आलेही असावे. पण ती म्हणाली, "ते मला माहीत नाही. चांगलं की वाईट, काहीच माहीत नाही मला. पेरणीला अजून तीन महिने आहेत, मी पुन्हा शोधते."

काकांची नजर तिच्या खिशाकडे गेली. "आणि हे काय, कंगवा आणलास?"

"ह्याचा आठवा दात किडलाय."

"मग डॉक्टरला दाखव त्याला," काका म्हणाले आणि त्यांनी उघडे दार खांद्याने लोटून लावले. "चल आत. कुडकुडतेयस."

दाराजवळची दोन पोती तेवढी गोठली. बाकीची वाचली.

कोलेटने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी फेज आधी रिकाम्या, दूध लावलेल्या वाट्यांत फिरवले. जे तिथेच चिकटले त्यांना तिथेच सोडले, आणि जे चिकटले नाहीत त्यांनाच पुढे नेले. शेवटी एक फेज निघाला. रंग फार गडद नव्हता, पण तो फक्त रोगी रसात येत होता. काकांच्या अडतीस पोत्यांपैकी तीन रोगी निघाली. ती काकांनी स्वतः बाहेर ओतली आणि पस्तीस पेरली.

माझी कडी व्हर्नाने बदलली. दहा मिनिटांचे काम होते. तेवढे झाले नाही म्हणून पणजोबांपासून चालत आलेली एक जात एका दुपारी गोठून जाणार होती. मित्रांनो, तुमच्या हाताखालच्या हत्यारांची अधूनमधून विचारपूस करा. आम्ही पूर्ण मोडलो तर तुम्हाला लगेच कळते, त्याची भीती नाही. भीती आहे ती याची, की आम्ही अर्धे बिघडलो तरी काम करतच राहतो.