टीव्हीवर आला की बघ

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणाऱ्या त्या गृहस्थांना सिनेमातलं फार कळत होतं अशातला भाग नाही, पण शुक्रवारचा संध्याकाळचा खेळ ते सहसा चुकवत नसत. शनिवारी गिऱ्हाइकाच्या नाकावर चाचणीची जड फ्रेम चढली, की खालची ओळ वाचून व्हायच्या आत नव्या सिनेमाचा निकाल लागलेला असे. "पोलिसांचा ना? डोळे मिटून जा!" डोळे तपासायला आलेल्या माणसाला असा सल्ला देऊ नये, हे मालकांनी सांगून पाहिलं होतं. पण पालथ्या घड्यावर पाणी.

घरी बायकोला मात्र निकाल नव्हे, अख्खी गोष्ट मिळे. ती पडदे शिवायची. मशीन खडखडत असायचं आणि हे समोर स्टुलावर बसून खलनायकाचं हसू हसून दाखवायचे. गोष्ट रंगात आली की मशीन थांबे. त्या थांबण्यासाठीच तर ते सिनेमाला जात. आणि सिनेमा कसाही असो, गोष्ट संपली की म्हणत, "टीव्हीवर आला की बघ."

ही रीत फार जुनी. मुलगी तान्ही होती तेव्हा बायको म्हणाली होती, "तुम्ही जाऊन या आणि मला सांगा." मुलगी आता नोकरीसाठी परगावी राहत होती, तरी रीत काही बदलली नव्हती.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मध्येच साडू उपटला.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, लिफ्ट दुरुस्त करणारा. त्यालाही हल्ली सिनेमाचं वेड लागलं. बघून झाला की तो घरच्या ग्रुपवर आपला आवाज पाठवायचा. भुताच्या सिनेमाबद्दल म्हणाला, "ताई, दोन तास लिफ्टमध्ये अडकलो असं समजा. भूतसुद्धा कंटाळून जिन्याने गेलं."

मशीन थांबलं. बायको इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. मग तिने ते पुन्हा लावून ऐकलं.

गृहस्थांच्या अंगाचा तिळपापड झाला. तोच सिनेमा त्यांनीही पाहिला होता. विहिरीचा प्रसंग स्टुलावरून वाकून दाखवायचा, हे येतानाच ठरवलं होतं. "विहिरीत ना, एक हात..." त्यांनी सुरुवात केली.

"ऐकला मी भुताचा," बायको म्हणाली आणि मशीन सुरू झालं.

त्या रात्री जेवण गोड लागेना. ह्याला काय कळतं सिनेमातलं? बटण दाबलं की वर, बटण दाबलं की खाली, एवढीच अक्कल! नटाचं नाव धड सांगता येत नाही आणि म्हणे भूत जिन्याने गेलं. बरं, वाक्य चांगलं होतं, हे अधिकच झोंबत होतं. शनिवारी दुकानात एका बाईंनी भुताच्या सिनेमाचं विचारलं, तेव्हा तेच वाक्य यांच्या तोंडून निघालं. बाई खदखदून हसल्या आणि यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी अर्धी रजा टाकून सकाळचा पहिलाच खेळ गाठला. सिनेमा आई आणि तिच्या परदेशी गेलेल्या मुलाचा होता. लिफ्टवाला कुठेतरी वायरी जोडत असेल, तोवर गोष्ट घरी पोचवायची होती. येताना ते अक्षरशः धावत आले.

"ऐक. ती आई रोज फोनजवळ बसते..."

"अहो, थांबा, थांबा! सांगू नका."

"का?"

"मी रविवारी जातेय ना. भाऊजींनी विचारलं, ताई, येता का आमच्याबरोबर? म्हटलं, येते."

"आणि मी?"

"तुमचा बघून झालाय ना?"

हात दाखवून अवलक्षण झालं होतं. तरी ते म्हणाले, "पण तुला थेटरात जायला आवडत नाही."

"असं कधी म्हणाले मी?"

त्यांनी खूप आठवून पाहिलं. ती असं कधीच म्हणाली नव्हती. त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. साडूने मात्र विचारलं होतं.

रविवारी ती ठेवणीतली साडी नेसून गेली. हे स्टुलावर बसून होते. मशीनवर कोणाचा तरी अर्धा पडदा लोंबत होता. आत्ता अंधार झाला असेल. आत्ता तो लिफ्टवाला तिच्या कानाशी काहीतरी बोलला असेल. आत्ता ती हसली असेल. तिच्या शेजारच्या खुर्चीचा त्यांना इतका हेवा वाटला की चहा करायला उठले आणि साखर घालायची विसरले.

ती आली ती डोळे लाल करूनच, आणि चेहरा असा उजळलेला, की हे क्षणभर बघतच राहिले.

"रडवलं ना त्या आईने?"

"तो कुठला मिळायला! हाउसफुल. दुसराच बघितला, बँड वाजवणाऱ्या दोन म्हाताऱ्यांचा."

हा त्यांनी पाहिला नव्हता. बायको मशीनवर बसली, पण पाय चालवला नाही. सांगू लागली. दोघं म्हातारे एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण एकाचा ढोल आणि दुसऱ्याची सनई एकमेकांवाचून वाजत नाही. तिने मशीनच्या फळीवर ढोल वाजवून दाखवला. शेवटच्या वरातीला ढोलवाला एकटाच उभा, सनईवाला रुसून निघून गेलेला. इतकं सुरेख तर यांनाही कधी सांगता आलं नव्हतं. हे स्टूल पुढे पुढे ओढत होते.

"मग? सनईवाला शेवटी येतो का?"

तिने सुईत दोरा ओवला, पडदा सरळ केला आणि अगदी सहज म्हणाली, "टीव्हीवर आला की बघा."

मशीन सुरू झालं.