कवळी बसली तो दिवस

निरवांगीच्या म्हस्कूआबांना बारामतीत कवळी बसली ती त्र्याण्णव सालच्या माघात. चार वर्षं पातळ-मऊ खाऊन आबा कंटाळले होते. दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरताच ते बायकोला म्हणाले, "भामे, आज हितंच जेवायचं."

"आठ दिस मऊ खावा म्हनला न्हवं डॉक्टर?"

"मऊच खातो की."

मऊ म्हणून त्यांनी उडप्याकडे डोसा मागवला. कडेचा कुरकुरीत पापुद्रा दाताखाली मोडला तसा त्यांचा चेहरा खुलला. भामाबाईंनी नुसता चहा घेतला. मग स्टँडजवळ गाड्यावरची भेळ झाली. एका शेंगदाण्यानं हिरडीत कळ उठली.

"दुखलं व्हय?"

"न्हाय. तिखट हाय."

दुपारी दोघं मंडईमागच्या सिंधुबाईंच्या खानावळीत शिरली. मटणाची दोन ताटं समोर आली. आबांनी भाकरी मोडली. भामाबाई मात्र हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. मेंढरांमागं फिरायचे दिवस होते तेव्हा रानातल्या चुलीपुढंही आधी आबा, मग पोरं आणि शेवटी त्या, असंच चालायचं.

सिंधुबाई रस्सा वाढायला आल्या. "मावशी, ताट निवतंय."

"ह्यांचं होऊ द्या."

आबांचा हात थांबला. आपल्यामागं हिच्या वाट्याला काय उरायचं, हे त्यांनी चाळीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. त्यांनी घास परत ताटात ठेवला.

"तू खाल्ल्याबिगर मी बी खात न्हाय."

"अवं, लोक बघत्यात."

"बघू देत."

भामाबाईंनी पदर सावरला, इकडंतिकडं पाहिलं आणि रश्शात बुडवून एक घास घेतला. दुसरा जरा मोठा घेतला. तिसऱ्याच्या वेळी त्या लोकांना विसरल्या. नळी ताटावर ठोकून त्यांनी आतला गर ओढला आणि स्वतःच आणखी एक भाकरी मागितली. आबा सावकाश, एका बाजूनं चावत होते आणि मधून मधून भामाबाईंकडे बघत होते.

"वाटनात खसखस हाय का?" भामाबाईंनी विचारलं.

"या की आत, दावते," सिंधुबाई म्हणाल्या.

हात धुऊन त्या आत गेल्या त्या बराच वेळ आल्या नाहीत. पाट्याचा आवाज येत होता आणि दोघींचं हसणं. तीनची एसटी तेवढ्यात निघून गेली. आबांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं, बाकावर पाय वर घेतले आणि पाचच्या गाडीची वाट बघत निवांत बसले.