पाणी द्यायचं राहिलं

"आज रडका होऊ की भांडखोर?" मामानं खुर्ची ओढत विचारलं.

"गप्प बसणारा हो," ठमी म्हणाली. "सर म्हणतात, तोच सगळ्यात अवघड असतो."

"ह्यांना गप्प बसायला सांगतेस?" मामी स्वयंपाकघरातून ओरडली. "त्यापेक्षा पदवीचा नाद सोड बाई!"

ठमीचं खरं नाव कारखान्याच्या हजेरीपटावर होतं; घरात ते कुणाला आठवतही नसे. आईवडील गेले तेव्हा मामानं तिला घरी आणलं, वाढवलं, शिकवलं, आणि आपण बॉयलर सांभाळतो त्याच कापड रंगवायच्या कारखान्यात तिला कारकून म्हणून चिकटवून दिलं. आता ती संध्याकाळच्या कॉलेजात मनुष्यबळ व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घेत होती आणि फी कारखाना भरत होता. बॉयलरवर जो येईल त्याला मामा हे सांगायचा. ऐकून ऐकून लोकांचे कान किटले होते.

शेवटच्या सत्रात एक प्रात्यक्षिक होतं. माणसाला त्याची नोकरी गेल्याचं समोर बसवून सांगायचं. परीक्षा कारखान्यातच होणार होती आणि मार्क मॅनेजरसाहेब देणार होते. ठमीला हाच विषय मनापासून शिकायचा होता, कारण गेल्या वर्षी पॅकिंगमधल्या म्हाताऱ्याला साहेबांनी जिन्यात उभ्याउभ्या सांगून टाकलं होतं. तो कठडा धरून तिथंच खाली बसला होता. तिनं ते पाहिलं होतं.

म्हणून रोज जेवणाआधी सराव चालायचा. आधी 'बसा' म्हणायचं, मग पाणी द्यायचं, मग बातमी सांगायची आणि मग आपण गप्प राहायचं. ठमी दर वेळी पाणी विसरायची. विसरली की मामा टेबलावर दोन बोटं वाजवायचा.

"पाणी राहिलं! माणूस तहानेनं मेला. नोकरी गेल्याचं कळलंच नाही बिचाऱ्याला."

तिघंही हसायची. पण हसताहसता ठमी मध्येच थांबायची. बॉयलरच्या मागं निळ्या ताडपत्रीखाली काहीतरी मोठं येऊन पडलं होतं. दोन अनोळखी माणसं भिंती मोजून गेली होती, आणि मामा सोडून सगळे त्याबद्दल कुजबुजत होते.

"मामा, ती माणसं कशाला आली होती रे?"

"मोजेनात का. मोजून भिंत झिजते होय?" मामानं तळहात एकमेकांवर चोळले. बॉयलरपाशी राहून राहून त्याचे हात सदा गरम असत. "चल, पहिल्यापासून घे."

"परीक्षेला समोर कोण बसणार?" मामीनं ताटं मांडत विचारलं.

"सांगितलं नाही. खरंच कुणीतरी असेल म्हणाले."

"अगं, म्हणजे ज्याची खरंच नोकरी जाणार, त्याच्यावर तुझी परीक्षा?"

"कुणीतरी सांगणारच ना मामी. साहेबांनी जिन्यात सांगण्यापेक्षा..."

"बरोबर आहे तिचं," मामा म्हणाला. तो एवढंच बोलला आणि जेवायला बसला. त्या दिवशी त्यानं पुन्हा भात घेतला नाही.

परीक्षेच्या सकाळी तो ठेवणीतला शर्ट घालून उभा होता. इस्त्री स्वतःच केलेली, कॉलर जरा चुरगळलेली.

"बॉयलरवर हा शर्ट?" ठमी म्हणाली.

"परीक्षा आहे ना आज."

"परीक्षा माझी आहे!"

"मग? घरातल्या एकानं तरी नीटनेटकं दिसायला नको?"

फाटकातून आत शिरताना सवयीनं तिची नजर वर गेली. धुराड्यातून धूर येत नव्हता. कचेरीच्या फरशीखालून तळपायांना रोज जाणवणारी घरघरही नव्हती. सगळा कारखाना श्वास रोखून उभा असल्यासारखा वाटत होता, आणि ठमीला भीती वाटली.

खोलीत टेबलाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या, टेबलावर पाण्याचा जग आणि पेला. दाराबाहेर वॉचमन उभा होता. माणसाला फाटकापर्यंत पोचवायचं काम त्याचं. साहेब कोपऱ्यातल्या तिसऱ्या खुर्चीत पेन उघडून बसले होते.

"साहेब, बॉयलर बंद आहे आज?"

"नवं मशीन आलंय. त्याला माणूस लागत नाही." त्यांनी वर पाहिलं नाही. "नातं ठाऊक आहे मला. म्हणून तर ही परीक्षा. जमणार नसेल तर सांगा, मी उरकतो. दोन मिनिटांचं काम."

दार वाजलं. मामा आत आला.

"बसा," ठमी म्हणाली. मामाला तिनं जन्मात अहोजाहो केलं नव्हतं. सरावात या शब्दाला दोघंही हसायची. आज कुणी हसलं नाही. मामा दाराजवळच्या खुर्चीवर बसला.

तिनं तोंड उघडलं आणि सगळं पाठांतर कुठल्याकुठं गेलं. कोपऱ्यात साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि खुर्ची मागं सरकवली. ते आता उठणार होते.

टेबलावर हलकेच दोन बोटं वाजली.

मामा तिच्याकडे बघतही नव्हता. तो पाण्याच्या जगाकडे बघत होता.

ठमीनं पाणी ओतलं. पेला काठोकाठ भरला. मामानं तो दोन्ही हातांत धरला. मग तिनं सांगितलं. नजर न चुकवता, एकही शब्द न गिळता सांगितलं, की बॉयलर कायमचा बंद झालाय, तुमचं इथलं काम आजपासून संपलं, यात तुमची काहीही चूक नाही. आणि शिकवल्याप्रमाणे ती गप्प राहिली.

मामाही गप्प राहिला. मामीला खरं वाटलं नसतं.

"बरं, मॅडम," थोड्या वेळानं तो म्हणाला. पेला जपून खाली ठेवून उठला, शर्ट सारखा केला आणि बाहेर गेला. वॉचमन त्याच्या मागून चालला, मान खाली घालून.

"उत्तम," साहेब मार्क लिहीत म्हणाले. "विशेषतः पाणी. ते बहुतेक जण विसरतात."

ते गेल्यावर ठमीनं टेबल आवरायला घेतलं. पेला काठोकाठ तसाच होता. एवढा वेळ हातात धरूनही मामानं घोटभर पाणी घेतलं नव्हतं की थेंब सांडू दिला नव्हता. तिनं पेला उचलला. तो अजून कोमट होता.