टोपलीचा तळ

मित्रांनो, माझ्या अंगावर साठ रेघा आहेत आणि त्यातल्या एकीलाच सगळे घाबरतात. मी मासे मोजायची एक जुनी लाकडी फळी आहे. नाक दाबू नका, माझ्या अंगाला आता माशांचा वास येत नाही. तेच तर वाईट आहे.

सुतारानं मला तासून गुळगुळीत केलं, एका टोकाला अडसर ठोकला आणि सेंटिमीटरच्या रेघा कोरल्या. माशाचं नाक अडसराला टेकवायचं, शेपूट जिथे संपेल तो आकडा वहीत लिहायचा. तिसाव्या रेघेला संशोधक बाईंनी लाल रंग दिला. तिच्या आतला मासा म्हणजे अजून एकदाही अंडी न घातलेला. जाळ्यात असे मासे वाढले, की समुद्राचं काही खरं नाही.

दर सोमवारी बाई मला काखेत मारून धक्क्यावर यायच्या. काय माझा थाट! प्रत्येक होडीतले हाताला येतील ते वीस मासे मोजायचे, असा नियम. पण धक्क्यावरची माणसं पडली मानी. पाहुण्याला कुणी मोडकी खुर्ची देतं का? तसंच फळीवर बारका मासा ठेवायचा नाही. दाढीवाले काका तर टोपली उपसून सगळ्यात दांडगे वीस निवडायचे.

"बाईंपुढे किडुकमिडुक ठेवता? होडीची काही अब्रू आहे की नाही?"

बाई छपराच्या सावलीत बसून लिहायच्या. बेचाळीस, पंचेचाळीस. खूश.

मी मात्र टोपलीवरच आडवी असायचे. खालचं सगळं मला दिसायचं. वर्षागणिक तळातले मासे बारीक होत चालले होते. बोटाएवढे, उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघणारे. मी काय सांगणार? मला तोंड नाही, नुसते आकडे आहेत.

काकांच्या लेकीलाही ते दिसत होतं. मासे निवडायचं काम तिचंच. "ही होडी माझ्यानंतर हिची," असं काका सगळ्यांना सांगायचे, म्हणून तर तिचा जीव टांगणीला. एकदा ती म्हणाली, "बाई, तळातले मोजा की."

"तू गप्प बस गं," काका म्हणाले. "चारचौघांत लाज काढतेस."

बाई हसल्या. "पुढच्या सोमवारी बघू हं."

पुढच्या सोमवारी बाई अहवाल लिहीत बसल्या होत्या. आठ वर्षं मासा तेवढाच लांब, जाळी वाढवायला हरकत नाही. सगळा अहवाल माझ्या जिवावर. जाळी वाढली, इंजिनं वाढली. मग धक्क्यावरचे पक्षी कमी झाले. मांजरंसुद्धा कुठेतरी निघून गेली.

तीन वर्षांनी काकांना दांडगे वीस मिळेनात. त्या दिवशी बाई सावलीतून उठल्या आणि त्यांनी टोपली उपडी केली. बारा. अकरा. चौदा. एकही शेपूट लाल रेघेपर्यंत पोचलं नाही.

"हे कधीपासून?"

"तुम्ही मोठे मोजत होता तेव्हापासून," लेक म्हणाली.

काका टोपलीकडे बघत राहिले. "मी तर मानानं द्यायचो," एवढंच बोलले.

आता होडी लेकीच्या नावावर आहे आणि वाळूत पालथी आहे. मी तिच्या दारामागे खिळ्याला टांगलेली. दर सोमवारी ती मला उतरवते, छोटं जाळं टाकते, येईल तो मासा मोजते आणि पाण्यात सोडते.

मित्रांनो, कुणी मोजायला आलं तर आधी टोपलीचा तळ दाखवा. आणि तुम्हीच मोजणारे झालात तर सावलीत बसून राहू नका.

गेल्या सोमवारी तिनं मला पुसून मांडीवर घेतलं आणि जाळं ओढलं. नुसतं पाणी गळलं. मी कोरडीच राहिले. तिनं वहीत शून्य लिहिलं. माझ्या अंगावर त्याची रेघ नाही.