ब्रेकचं तेल

या, जरा जवळ सरका. मागं भिंतीला टेकलेल्यांनीही पुढं या, सतरंजीवर जागा आहे. देवाचं नाव आपण रोज घेतो, आज त्याच्याच एका माणसाची गोष्ट सांगतो. गोष्ट मोटारीच्या ब्रेकची आहे, पण कंटाळा येणार नाही, एवढा शब्द देतो.

मी ज्ञानू. विजयसिंहदादांच्या घरी तीस वर्षं ड्रायव्हर. दादांच्या वडिलांनी घेतलेली सत्तेचाळीस सालची ब्युइक माझ्या ताब्यात असायची. अमेरिकेची म्हणून स्टिअरिंग डाव्या हाताला. रंग पिकल्या जांभळाचा, वजन जवळजवळ दोन टन, आणि लांबी एवढी की कोल्हापुरात पापाच्या तिकटीच्या चौकाला वळताना निम्मी गाडी एका रस्त्यावर आणि निम्मी दुसऱ्या. आत बसलेल्या माणसाला मात्र खड्डा कळायचा नाही. म्हातारी माणसं तिच्यात बसली की गावाबाहेरची शिरोली यायच्या आत डुलक्या घ्यायची.

हे सगळं ख्वाजा मिस्त्रींमुळं. उद्यमनगरात त्यांचं पत्र्याचं शेड होतं. पन्नास वर्षं त्या गाडीच्या चाकांना दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. ब्रेकचा ड्रम उतरवला की ते बोटांनी टिचकी मारून ऐकायचे. नाद स्वच्छ आला तर ड्रम चांगला, बद्द आला तर कुठंतरी तडा. मी कीर्तनाचा वेडा, मला त्यात मृदंग ऐकू यायचा. मी तसं म्हटलं की ते म्हणायचे, तुझ्या मृदंगानं घाटात गाडी थांबवून दाखव बघू. आणि स्प्रिंगांचं काम झालं की बंपरवर दोन्ही हातांनी भार द्यायचे आणि सोडायचे. गाडी एकदा खाली जाऊन वर आली आणि थांबली, तर पास.

"गाडीनं एकदाच नमस्कार करायचा," ते म्हणायचे. "दोनदा केला तर समज शॉकअप मेला."

चैत्रात जोतिबाहून आलो की ड्रममध्ये गुलाल सापडायचा. मी फुंकर मारायला गेलो की हात धरायचे. देवाचा गुलाल आहे, तोंडानं उडवायचा नाही, ब्रशनं काढ आणि कागदात ठेव. नंतर तो कागद माझ्याच खिशात कोंबायचे.

आता मुद्द्यावर येतो. दादांच्या घरची रीत अशी, की लग्नानंतर नवरा-नवरी पहिल्यांदा जोतिबाला जाणार ते ह्याच गाडीतून. चार वर्षांमागं दादांच्या लेकीचं, तेजस्वीचं लग्न ठरलं. गाडी सहा महिने उभीच होती. दादांनी स्पष्ट सांगितलं होतं, घाटात ब्रेकची खात्री असेल तरच पोरीला बसवीन, नाहीतर गाडी कागलच्या एमआयडीसीत त्यांच्या पाहुण्यांच्या कारखान्याला देऊन टाकीन. तिथं दारातल्या काचेच्या खोलीत ती शोभेला उभी राहणार होती.

मिस्त्रींनी सगळं नीट केलं. ब्रेकच्या पट्ट्या नव्या, तांब्याचे रिबेट स्वतः ठोकले. शॉकअप उघडून त्यात नवं तेल भरलं. शेवटचं काम राहिलं ते ब्रेकच्या टाकीत भर घालायचं. ती टाकी ड्रायव्हरच्या पायाखाली असते, गालिचा उचलून झाकण काढावं लागतं. त्या दिवशी एकादशी होती, संध्याकाळी आमच्या देवळात कीर्तन. मी सारखा घड्याळाकडं बघत होतो. मिस्त्रींच्या ते ध्यानात आलं.

"ज्ञानू, तेवढं ब्रेकात तेल टाक आणि जा की," ते म्हणाले. "बुवा तुझ्यासाठी थांबायचं न्हाईत."

फळीवर दोन डबे होते. हाताला लागला तो घेतला, झाकण काढलं, टाकी भरली आणि पळालो. टाळ वाजायच्या आत देवळात पोचलो. फार छान कीर्तन झालं त्या दिवशी.

चार दिवसांनी चाचणीला जोतिबाच्या घाटात निघालो. मी, शेजारी मिस्त्री, मागं दादा. चढताना गाडी जड वाटत होती, जणू कुणी मागून ओढतंय. वर देवळाच्या वाडीत पोचलो आणि पुढच्या दोन्ही चाकांतून धूर निघाला. ब्रेक दाबलेला नव्हता, तरी चाकं आवळून बसली होती. मिस्त्री खाली बसले. चाकामागचा छोटा नट पान्यानं सैल केला, आतलं तेल चिळकांडीसारखं उडालं आणि चाक सुटलं. त्यांनी ते बोटावर घेतलं, दोन बोटांत चोळलं, हुंगलं आणि म्हणाले, ह्यात भलतंच तेल गेलंय. मग माझ्याकडं बघितलं.

तुमच्याही लक्षात आलं असेल. ब्रेकात मी शॉकअपचं तेल घातलं होतं. ब्रेकच्या नळ्यांत रबरी वाट्या असतात, त्यांना खनिज तेल चालत नाही. त्या फुगतात, आत अडकतात आणि ब्रेक सुटतच नाही. ब्रेकात जे घालतात त्याला सगळं कोल्हापूर ब्रेक ऑईल म्हणतं, पण ते तेल नव्हेच. मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

दादा खाली उतरून उभे होते. आवाज चढवला नाही त्यांनी, त्यामुळं जास्तच लागलं. मिस्त्री, तुमच्या डोळ्यांना आता दिसत नाही, यात तुमचा दोष नाही, वय झालं, असं म्हणाले. पोरीला ह्यात बसवत नाही. लग्न उरकलं की गाडी कागलला.

"चुकी माझी हाय, दादा," मिस्त्री म्हणाले.

मी बाजूलाच उभा. गळ्यातली तुळशीची माळ चाचपत राहिलो. पहिल्या गिअरमध्ये आणि हातब्रेकवर गाडी कशीबशी खाली आणली. वाटेत मिस्त्रींनी दादांना एकच प्रश्न विचारला. त्या काचेच्या खोलीत गाडीची चाकं जमिनीला टेकतील का, का खाली ठोकळे लावतील?

घरी जेवण गेलं नाही. देवाच्या नावानं घाई केली आणि देवाच्या डोंगरावर गप्प बसलो, हे काही केल्या गिळता येईना. सकाळी अंघोळ करून तडक दादांपुढं गेलो. ते पेपर वाचत होते.

"दादा, तेल मी टाकलं. डबा मी चुकलो. मिस्त्रींनी त्याला हातबी लावला न्हाय."

दादांनी पेपर घडी करून ठेवला. "मग काल डोंगरावर तोंडात काय धरलं होतंस?"

नोकरी गेली असं धरूनच उभा होतो. ते उठले आणि म्हणाले, गाडी काढ. गाडी कशी काढू, ब्रेकच नाहीत, म्हटलं. तर म्हणाले, मग जीप काढ. आम्ही उद्यमनगरात गेलो. दादा स्वतः शेडात शिरले आणि मिस्त्रींपुढं लोखंडी स्टुलावर बसले. काय बोलले ते मी ऐकलं नाही, मला बाहेर उभं केलं होतं. बाहेर आले तेव्हा एवढंच म्हणाले, लग्नाला आठ दिवस आहेत, मिस्त्री म्हणतील तसं कर.

मिस्त्रींनी मात्र मला झापलं. शेडातली चार माणसं ऐकत होती.

"मी तेल म्हटलं, तू तेल टाकलंस. गाव म्हणतंय म्हणून मी बी जन्मभर तेलच म्हणत आलो. शब्द माझा चुकीचा, आणि तू दादांपुढं जाऊन कशाला मधीच नाक खुपसलंस?"

त्या दिवसापासून त्यांनी त्याचं नाव बदललं. ब्रेकचं पाणी. शेडात कुणी ब्रेक ऑईल म्हटलं की त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. दुकानदाराला ब्रेकचं पाणी कळेना, त्यानं मला रेडिएटरचं दिलं, तोही चहा माझ्याच अंगावर आला.

आम्ही सगळं उघडलं. रबरी वाट्या भिजवलेल्या हरभऱ्यासारख्या टम्म फुगल्या होत्या. नळ्या स्पिरिटनं तीनदा धुतल्या. मागच्या चाकांना जुन्या जीपच्या वाट्या बसल्या, पुढच्यांना काही बसेना. मग मिस्त्रींनी साचा कातून घेतला आणि आरिफ नावाच्या रबरवाल्याकडून नव्या वाट्या करून घेतल्या. पहिल्या दोन जोड्या त्यांनी नखानं दाबून बघितल्या आणि परत केल्या. आरिफ वैतागला, पण तिसरी जोडी घेऊन स्वतः आला.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जोतिबाला निघालो. मागं तेजस्वीताई आणि जावई, पुढं मी आणि मिस्त्री. दादा जीप घेऊन पाठीमागं, वीस हात अंतर ठेवून. दर्शन झालं, गुलाल झाला, चांगभलं झालं. उतरताना प्रत्येक वळणाला मी ब्रेक दाबायचा, आणि शेजारी मिस्त्रींचा उजवा पाय रिकाम्या गालिच्यावर दाबला जायचा. ताईंनी ते बघितलं. मिस्त्रीबाबा, गाडी दोघं चालवताय की काय, असं म्हणून हसल्या. मिस्त्रींनी पाय आखडून घेतला, पण पुढच्या वळणाला परत दाबला.

पायथ्याला गाडी थांबवली. सरळ रेषेत, एकाही बाजूला न ओढता. मिस्त्री उतरले आणि किती तापलीत ते बघायला चारी चाकांना एकेक करून हाताची मागची बाजू लावली. मागून दादा आले. त्यांनी वाकून स्वतःही हात लावला, एका चाकाला, मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या.

"चारी सारखीच कोमट हाईत की," दादा म्हणाले. "मिस्त्री, कागलला निरोप धाडतो. गाडी द्यायची न्हाय."

मिस्त्रींनी फडक्यानं हात पुसले, बराच वेळ पुसत राहिले.

गाडी अजून दादांच्या दारात आहे, चाकं जमिनीवर. मिस्त्री गेल्या माघात गेले. त्यांच्या बायकोनं, खैरुनबी चाचींनी त्यांचे पाने मला दिले, मला ते नीट वापरता येत नाहीत, पण पुसून ठेवतो.

तर बाबांनो, मागणं एवढंच. जोतिबाचा घाट उतरताना तुमच्या पायाखाली गाडी गुमान थांबली, की ख्वाजा मिस्त्रींचं नाव एकदा मनात घ्या. आणि त्या वर्षी डोंगरावर मिस्त्री चुकले होते असं कुणी बोललं, तर त्याला सांगा, ते चुकले नव्हते, ज्ञानू चुकला होता.