प्रभाकर थिएटरातली बाई

"मावशी, ताट आत नेऊन ठेव. बाकी कुणी धजत न्हाई," असं म्हणून बबनरावांनी ओटीचं ताट दुर्गाबाईंच्या हातात दिलं.

चाकणच्या जुन्या पेठेतल्या प्रभाकर थिएटरसमोर रविवारी सकाळी ही गर्दी लोटली होती. थिएटर बंद पडल्यापासून आत एका नटीचं भूत आहे, अशी आवई उठली होती. तिन्हीसांजेला रंगमंचावर उजेड दिसतो, चाळ वाजतात. आज तिची ओटी भरून तिला वाटेला लावायला भगत आला होता.

दुर्गाबाईंना मनातून हसू येत होतं. त्यांनी या थिएटरात जन्मभर कपडेपट सांभाळलेला. राजाचा अंगरखा आणि राणीचा शालू, दोन्ही त्यांच्याच सुईखालून गेलेले. मालकांचा नातू बबन लहानपणी त्या कपड्यांच्या ढिगाऱ्यातच झोपायचा. थिएटरला टाळं लागलं तेव्हा तोच म्हणाला होता, "मावशी, रंगदेवतेचा दिवा इझू देऊ नगं. म्या नाटक कंपन्या परत आणतो का न्हाई बघ."

दिवा विझला की त्या रंगमंचावर पुन्हा खेळ लागत नाही, अशी थिएटरवाल्यांची पक्की समजूत. म्हणून त्या रोज दिवेलागणीला मागच्या दारानं आत जात, दिवा लावत, कसर लागू नये म्हणून पेटाऱ्यातले कपडे झटकत. चाळ त्याच पेटाऱ्यात होते. दिव्याचं तेल बबनराव न चुकता पाठवत.

भुताचं कानावर आलं तेव्हा त्या बबनरावांकडे गेल्या होत्या. "बोलू दी लोकांला. तेवढंच चोरटं आत शिरायचं न्हाईत," ते म्हणाले होते. आणि परवा म्हणाले, "एकदा ओटी भरली की लोकांची भीती जाईल. मंग खेळ सुरू." या भोळ्या बाईला तेही पटलं.

ताट घेऊन त्या पायरी चढल्या, तेवढ्यात भगत म्हणाला, "बाई गेली, की पाडायला हरकत न्हाई."

"पाडायला?" दुर्गाबाई थबकल्या.

जागा मालकांची असली, तरी थिएटर पेठेच्या वर्गणीतून उभं राहिलेलं. पेठेनं हो म्हटल्याशिवाय बबनरावांना एक वीट हलवता येत नव्हती. ते लोकांकडे वळून बोलू लागले होते. "म्या सोत्ता बघितलाय त्यो उजेड. लेकराबाळांची पेठ हाय आपली. पाडल्यालंच बरं."

दुर्गाबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. ज्याला अंगाखांद्यावर खेळवलं, त्यानंच केसानं गळा कापला होता.

"बबन! त्यो दिवा मी लावते. तूच तेल धाडतोस न्हवं?"

बबनरावांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भगताला म्हणाले, "बघा. म्हातारीलाच धरलं तिनं."

शेजारच्या सरुबाईंनी, सकाळीच ज्यांच्याकडे दुर्गाबाई चहा प्यायल्या होत्या त्यांनी, नातीला झटकन मागं ओढलं. भगतानं दुर्गाबाईंच्या हातातलं ताट घेतलं.

"बाई, काय पायजेल तुला? सांग, देऊ."

"बबनला इचारा. त्याला ठावं हाय."

बबनराव मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागले.

भगतानं खण, नारळ, तांदूळ दुर्गाबाईंच्या पदरात घातले. नवरा गेल्यापासून त्यांची ओटी कुणी भरली नव्हती. आज पेठेनं भरली, ती भूत म्हणून.

त्यांनी ती फेकली नाही. तांदळाचा दाणा सांडू न देता पदर खोचला आणि पायऱ्या उतरल्या. गर्दीनं दोन्हीकडं सरकत भलीमोठी वाट करून दिली. कपडेपटातल्या बाईसाठी एवढी वाट कधी कुणी सोडली नव्हती. मान वर ठेवून दुर्गाबाई त्या वाटेनं घराकडं चालू लागल्या.