खजिन्याची पेटी झालेली लाल ट्रंक

मी एक जुनी ट्रंक आहे. पत्र्याची, लाल रंगाची, डाव्या कोपऱ्यात पोचा आलेली. माझं झाकण जोरात दाबल्याशिवाय माझी कडी लागत नाही. मित्रांनो, सुरुवातीलाच कबूल करते, या गोष्टीतली अर्धी चूक माझी आहे.

हातोड्याचे ठोके खाऊन मी घडले आणि बाहुल्यांचे खेळ करणाऱ्या एका मंडळीकडे आले. माझ्यात बाहुल्यांचे झगे आणि टोप्या असत. एकदा सगळे सुट्टीवर गेलेले असताना वरच्या मजल्यावरचा नळ दोन दिवस वाहत राहिला. झगे कुजले. खेळाचे दिवे सांभाळणारी ताई होती, तिला सगळे दिवेताई म्हणत. ती कुजलेले झगे फेकून आली आणि तडक कामाला लागली. तिने मला घासलं, लाल रंग दिला आणि झाकणावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, ‘फक्त संकटात उघडा’.

माझ्या पोटात दोन टॉर्च, रबरी हातमोजे, एक मोठं प्लॅस्टिक, धुतलेल्या जुन्या चादरी, दोरखंड आणि चिमटे आले. राहिली होती यादी. संकट आलं तर आधी काय वाचवायचं? दिग्दर्शककाका म्हणाले, पडदा. ढोलकीवाला म्हणाला, ढोलकी. तासभर तू तू मैं मैं झाली. कपडेपटातल्या मावशी तेवढ्या गप्प होत्या.

“मावशी, तुम्ही काहीच बोलत नाही,” दिवेताई म्हणाली.

“मी काय बोलू? पडदा मी पुन्हा शिवेन. ढोलकी बाजारात मिळते. ह्यांनी कोरलेल्या बाहुल्या आता कोण कोरून देणार?”

वाद तिथेच संपला. मावशींचे यजमान जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. त्यांनी कोरलेल्या नऊ लाकडी बाहुल्यांवरच मंडळीचा सगळा खेळ उभा होता. वर जागा नसल्यामुळे त्या तळघरातल्या कपाटात राहत. दिवेताईने चार ओळी लिहून माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवल्या. आधी मेन स्विच बंद करा. मग माणसं मोजा. मग नऊ बाहुल्या वर आणा. आणि चौथी ओळ मावशींनी सांगितलेली: भिजलेलं लाकूड उन्हात ठेवू नका, सावलीत हळूहळू वाळू द्या.

मी दाराजवळ ऐटीत बसले. पण संकट काही येईना. एक वर्ष गेलं, तीन गेली. मग भुताच्या खेळात भुताचे डोळे चमकायला हवे होते. काकांनी माझ्यातला एक टॉर्च काढला, त्यावर हिरवा कागद चिकटवला आणि भुताच्या डोक्यात बसवला. “उद्या परत ठेवतो,” ते म्हणाले. दोरखंड विहिरीच्या प्रवेशाला गेला. प्लॅस्टिकचा समुद्र झाला, आणि छान झाला. दुसरा टॉर्च काकांच्या घरी पलंगाखाली काहीतरी शोधायला गेला तो तिकडचाच झाला. नाटकवाल्यांना कुठलीही वस्तू दिसली की ती रंगमंचावर कशी दिसेल हेच आधी सुचतं. दिवेताई दोनदा चिडली, तिसऱ्यांदा तीही दुसऱ्या कामात गुंतली.

शेवटी माझीच पाळी आली. राजाच्या खेळात खजिन्याची पेटी हवी होती. माझ्या झाकणाला आतून सोनेरी कागद लावला आणि पोटात खोटी नाणी भरली. झाकण उघडलं, दिवेताईने पिवळा प्रकाश टाकला आणि मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं. सोनेरी कागदाखाली ती यादी होती, हे मी विसरून गेले.

मग एका दुपारी, तालीम चालू असताना, बाहेरच्या खोदकामात रस्त्याखालची पाण्याची मोठी वाहिनी फुटली. तळघराच्या खिडकीतून पाणी आत घुसलं. दिवेताई दाराकडे धावली. मी तिथे नव्हतेच. मी रंगमंचावर होते. तिने मला उघडलं तर खळकन नाणी सांडली.

काका तळघराच्या जिन्याकडे धावत होते. खाली दिवे अजून चालू होते.

“थांबा! पाण्यात पाय टाकू नका!” असं ओरडत तिने सोनेरी कागद वरून फाडला. पहिली ओळ दिसली. तिने मेन स्विच बंद केला. माणसं मोजली, सहाच्या सहा होती. तिसरी ओळ वाचून ती म्हणाली, “भुताचं डोकं आणा. विहिरीचा दोर आणा.”

काकांनी कमरेला दोर बांधला. दुसरं टोक मावशींनी आणि ढोलकीवाल्याने धरलं. भुताच्या हिरव्या, मिणमिणत्या उजेडात काका गुडघाभर पाण्यात शिरले आणि एकेक बाहुली वर देऊ लागले. वर समुद्राचं प्लॅस्टिक अंथरलं होतं, त्यावर मावशी त्यांना निजवत होत्या. आठ आल्या. नववी, म्हातारीची बाहुली, कपाटातून वाहून गेली होती. चांगला टॉर्च असता तर ती लगेच दिसली असती. अर्ध्या तासाने ती जिन्याखाली सापडली, पार भिजून गच्च.

दुसऱ्या दिवशी मावशी आणि दिवेताई नव्या चादरी आणायला गेल्या. खेळ पंधरा दिवसांवर आला होता. म्हातारी लवकर वाळावी म्हणून काकांनी तिला गच्चीत उन्हात ठेवलं. मित्रांनो, घाईत कागद तीन ओळींपुरताच फाटला होता. चौथी ओळ अजून सोन्याखाली होती. मला ती पाठ होती, पण ट्रंकेला तोंड कुठे असतं?

दुपारी टक्‌ असा आवाज झाला. कपाळापासून हनुवटीपर्यंत म्हातारीचा चेहरा तडकला.

मावशी आल्या, त्यांनी तिला उचललं आणि सावलीत नेलं. काका त्यांच्या मागोमाग आले. मी उरलेला कागद निघण्याची वाट पाहत होते. तो मावशींनीच नखाने खरवडून काढला आणि चौथी ओळ मोठ्याने वाचली.

“मला माहीत असतं तर…” काका म्हणाले.

“माहीत व्हावं म्हणूनच लिहिलं होतं ना,” मावशी म्हणाल्या. मग त्यांनी पदर खोचला. “चला. आठ अजून ओल्या आहेत. खेळ ठरल्या दिवशीच करायचा.”

अकरा दिवस त्या आठजणी सावलीत राहिल्या. सगळ्यांनी पाळ्या लावून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलली आणि खालच्या चादरी बदलल्या. एकीलाही चीर गेली नाही. खेळ ठरल्या दिवशी झाला. म्हातारीला मावशींनी रुमाल शिवून बांधला होता, पण चेहऱ्यावरची चीर बुजवली नाही. ती चीर मला दाराजवळूनही दिसते, आणि प्रत्येक वेळी मी चौथी ओळ मनात म्हणते.

आता मी पुन्हा दाराजवळ असते आणि बाहुल्यांनाही वरच्या मजल्यावर जागा केली आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी काका स्वतः मला उघडतात, यादी मोठ्याने वाचतात आणि दोन्ही टॉर्च लावून बघतात. त्या वेळी कुणी टाळ्या वाजवत नाही. नकोतच मला.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, घरी, तालमीच्या खोलीत माझ्यासारखी एखादी पेटी असेल तर आजच उघडून बघा. नसेल तर आजच भरा, आणि यादीवर काही चिकटवू नका. आणि नाटकासाठी खजिन्याची पेटी हवी असेल तर ती खोक्याची बनवा. मला मागायला येऊ नका. मावशी दारातूनच परत पाठवतील.